पाचवं पान ओढण्याआधी

मागच्या दिवाळीत मामाकडे सांगलीला गेले होते. फराळ झाला, पाहुणे गेले आणि मी मामेभावाच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. गेम होता ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. मुख्य गोष्ट संपवून मी उपसंहारापर्यंत पोचले होते आणि आता उरलेली ऐच्छिक आव्हानं, म्हणजे चॅलेंजेस, एकेक करून उरकत होते. अडकले ते जुगाऱ्याच्या आठव्या आव्हानावर. ब्लॅकजॅकचे तीन डाव जिंकायचे आणि प्रत्येक डावात किमान तीनदा नवीन पान मागायचं. दोन डाव झाले होते. तिसरा काही केल्या होईना.

मामेभाऊ मागे पलंगावर बसून बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, “ताई, किती वेळा हरलीस?”

“एकोणतीस.”

“आणि गेले किती?”

“किती म्हणजे? काहीच नाही. खोटे डॉलर आहेत रे ते.”

त्यावर तो काहीच बोलला नाही. त्याचं गप्प होणं मला कळलं. त्याच वर्षी होस्टेलच्या फीचे अठरा हजार रुपये त्यानं फोनवरच्या रमीच्या एका अ‍ॅपमध्ये घालवले होते. मामीला ते कळलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. आणि त्या दोन दिवसांत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, “हा जुगार नाही, स्किल आहे. कोर्टानंच सांगितलंय.”

मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते. नंतर वाचायला बसले आणि लक्षात आलं की तो अगदीच खोटं बोलत नव्हता. तो अर्धं खरं बोलत होता. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

नव्वद कामं, सक्ती एकाचीही नाही

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रॉकस्टार गेम्सनं तो २६ ऑक्टोबर २०१८ रोजी कन्सोलवर आणला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर. तो प्रौढांसाठी आहे. त्याच्या निर्मितीत कंपनीच्या बेंगळुरूच्या स्टुडिओचाही हात होता. काळ १८९९ चा. अमेरिकेत रेल्वे, तारा आणि कायदा सगळीकडे पोचतोय आणि आर्थर मॉर्गन ज्या टोळीत आहे तिचे दिवस भरत आलेत. गोष्ट तेवढीच पाहायची तर सरळ खेळत जा, संपेल.

पण मेनूमध्ये एका बाजूला आव्हानांची यादी असते. दरोडेखोर, शोधक, जुगारी, वनौषधीवाला, घोडेस्वार, शिकारी, नेमबाज, रानात तग धरणारा आणि शस्त्रतज्ज्ञ असे नऊ प्रकार. प्रत्येकात दहा, म्हणजे एकूण नव्वद. एका प्रकारातली आव्हानं क्रमानंच करावी लागतात. पाचवं झाल्याशिवाय सहावं उघडत नाही. बक्षीस म्हणजे कमरेचा पट्टा, पिस्तुलाचं म्यान, असल्या वस्तू आणि ताकद-दम यांत थोडी वाढ. गेम १०० टक्के पूर्ण करायचा असेल तर ही सगळी लागतात. नाही केली तरी तुमचं काहीही अडत नाही.

आता यातली काही आव्हानं बघा. नेमबाजाचं पहिलं अगदी सोपं, उडते पाच पक्षी पाडा. तिसऱ्यात तेच पक्षी चालत्या ट्रेनवरून पाडायचे. सहाव्यात ६६० फुटांवरून नेम आणि दहाव्यात अंगावर एकही ओरखडा न येऊ देता ग्रिझली अस्वल, तेही वेळ संथ करणारी ‘डेड आय’ ही सोय न वापरता. दहाव्याला पोचेपर्यंत तुमचा हात खरोखर सुधारलेला असतो. हे सरळ कौशल्य.

वनौषधीवाल्याचं पहिलं काम म्हणजे यॅरोची सहा झुडपं तोडणं. नववं काम गेममधली प्रत्येक जातीची वनस्पती एकदा तरी तोडण्याचं. इथे हात चपळ असून उपयोग नाही. कुठलं रोप दलदलीत येतं, कुठलं वाळवंटात, हे बघायची सवय लागते. गेमभर घोडा दौडवत जाणारा माणूस इथे पहिल्यांदा खाली उतरून चालायला लागतो.

घोडेस्वाराचं नववं तर नकाशाची परीक्षा आहे. पूर्वेकडच्या व्हॅन हॉर्नपासून पश्चिमेच्या ब्लॅकवॉटरपर्यंत १७ मिनिटांच्या आत पोचायचं आणि वाटेत पाण्याला अजिबात स्पर्श होऊ द्यायचा नाही. घोडा कितीही वेगवान असो, पूल कुठे आहेत हे माहीत नसेल तर हरलात.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. हरलात तर का हरलात ते कळतं. नेम चुकला, रोप ओळखता आलं नाही, वाट चुकली. पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं हे तुम्हाला माहीत असतं.

मग येतो जुगारी.

शहाणपण सोडा, मगच जिंकाल

ब्लॅकजॅक साधा खेळ आहे. सुरुवातीला दोन पानं. बेरीज २१ च्या जितकी जवळ तितकं बरं, २१ च्या वर गेली की डाव गेला. चित्रांची पानं दहाची, एक्का एकचा किंवा अकराचा. हातात १८ झाले तर शहाणा खेळाडू थांबतो, कारण पुढचं पान बहुतेक बुडवणारंच असतं.

आठवं आव्हान तुम्हाला थांबू देत नाही. तीनदा पान मागायचं म्हणजे हातात एकूण पाच पानं हवीत, त्यांची बेरीज २१ च्या आत हवी आणि डाव जिंकायलाही हवा. दोन, तीन, चार, एक्का अशी लहान पानं ओळीनं आली तरच ते शक्य. चौथ्या पानालाच १८ झाले तर शहाणपण म्हणतं थांब, आव्हान म्हणतं ओढ. तुम्ही आव्हानाचं ऐकता आणि बुडता. खेळ नीट येत असल्याचा इथे फारसा उपयोग नाही. पैज कमीत कमी लावायची, लहान पानं येईपर्यंत वाट बघायची आणि डाव टाकत राहायचं. यापलीकडे युक्ती नाही.

डॉमिनोजचं तसं नाही. जुगाऱ्याच्या पाचव्या आव्हानात एकही सोंगटी न ओढता तीन डाव जिंकायचे असतात. हाताला काय येतं हे नशीब, पण दुहेरी सोंगट्या आधी काढून टाका, दोन्ही टोकांना चालेल असं काही हातात राखा, तर फरक पडतो. पोकर आणखी वेगळा. समोरचा कधी घाबरतो हे ओळखता आलं तर वाईट पानांवरही डाव मारता येतो.

म्हणजे एकाच रांगेत, एकाच टेबलासारख्या टेबलांवर, कौशल्य आणि नशीब यांचं प्रमाण प्रत्येक खेळात वेगळं. आणि नेमका हाच प्रश्न आपल्याकडची न्यायालयं जवळजवळ सत्तर वर्षं सोडवत बसली आहेत.

कोर्टानं नेमकं काय सांगितलं होतं?

आपल्याकडचा जुगाराचा जुना कायदा १८६७ चा. त्यातच सूट होती की निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. आपल्या राज्यात चालतो तो मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, म्हणजे आर्थर मॉर्गनच्या गोष्टीच्याही बारा वर्षं आधीचा. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चमारबागवाला खटल्यात ही रेघ पक्की केली. ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा म्हणजे जुगार नव्हे. १९६७ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात न्यायालयानं रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ असल्याचं मानलं. पानं लक्षात ठेवावी लागतात, काय टाकायचं आणि काय राखायचं हे ठरवावं लागतं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींनाही कौशल्याच्या रांगेत जागा मिळाली.

माझा मामेभाऊ सांगत होता ते हेच. अ‍ॅपच्या जाहिरातीही हेच सांगायच्या. पण १९६७ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. ती जाहिरातीत कधी आली नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावातून जागेचा किंवा क्लबचा मालक स्वतःचा नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो, असंही न्यायालयानं बजावलं होतं.

म्हणजे प्रश्न दोन होते. खेळ कसला आहे, हा एक. आणि टेबल कुणाचं आहे, हा दुसरा. आपण वर्षानुवर्षं पहिल्यावरच भांडत राहिलो.

दुसरा प्रश्न का महत्त्वाचा, ते साध्या हिशेबानं बघा. समजा सहा जण बसले आणि प्रत्येकानं शंभर रुपये लावले. सहाशे झाले. टेबलवाल्यानं समजा दहा टक्के काढून घेतले. उरले पाचशे चाळीस. आता हे सहाही जण कितीही हुशार असोत, सगळ्यांच्या खिशात मिळून साठ रुपये कमीच जाणार. असे दहा डाव झाले तर सहाशे रुपये टेबलवाल्याकडे गेले, म्हणजे एका पूर्ण डावाचे पैसे. कौशल्य एवढंच ठरवतं की या सहांपैकी कोण कमी हरेल आणि कोण जास्त. टेबलवाला मात्र एकही पान न उचलता रोज जिंकतो.

‘स्किल’ हा शब्द खरा होता. तो ज्या जागी चिकटवला होता ती जागा चुकीची होती. रमीत कौशल्य लागतं, पण त्यावरून तुम्ही पैसे मिळवाल असं होत नाही.

नव्या कायद्यानं रेघच बदलली

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यानं जुना वाद सोडवला नाही, सरळ ओलांडला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून आणि पैसे मिळण्याच्या आशेनं ऑनलाइन खेळला जात असेल तर तो चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र नाही, त्याला पीडित मानलंय. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचं, असंही त्यात आहे.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही पाहिलंच. मोठ्या फँटसी आणि रमीच्या अ‍ॅपनी पैशांचे डाव बंद केले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं प्रायोजकाचं नावसुद्धा बदललं.

सरकारनं दिलेलं कारण असं की या खेळांत सुमारे ४५ कोटी लोकांचं वर्षाला २० हजार कोटींहून जास्त नुकसान होतंय. हा सरकारचा अंदाज आहे. पण माझ्यासाठी या आकड्यातले अठरा हजार अगदी ओळखीचे आहेत.

तरी कायद्यावरचे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. बंदी आली की खेळणारे परदेशी, बेकायदा साइटकडे वळतात आणि तिथे तर दाद मागायलाही कुणी नसतं. या कंपन्यांत काम करणाऱ्या, आपल्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असलेल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय एक विसंगती डोळ्यांत खुपतेच. फोनवर दहा रुपयांची रमी बंद, पण पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर तुम्ही ब्लॅकजॅक खेळू शकता. महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी आहे आणि तिथे तर कौशल्याचं नावही नाही. हा कायदा फक्त ऑनलाइनपुरता असल्यामुळे असं होतं, हे खरं. पण ‘पैसा लावणं वाईट’ हे तत्त्व असेल तर ते पडद्यावर आणि पडद्याबाहेर वेगळं कसं?

माझं मत विचाराल तर, रेघ पूर्ण सरळ आली नसली तरी ती आधीपेक्षा योग्य जागी आली आहे. ‘यात किती टक्के कौशल्य?’ हा प्रश्न वकिलांसाठी ठीक होता. रात्री दोन वाजता फोन हातात धरून बसलेल्या वीस वर्षांच्या मुलासाठी तो निरुपयोगी होता. उलट तो त्याला आणखी खेळायला लावत होता. कारण खेळ कौशल्याचा असेल तर हरणं म्हणजे आपण अजून पुरेसे चांगले नाही, एवढंच. मग उपाय काय? अजून एक डाव.

आव्हान तेच, सापळा वेगळा

आता तुम्ही म्हणाल, तू पण एकोणतीस डाव हरलीसच की. फरक काय?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. ‘अजून एकदा’ ही ओढ दोन्हीकडे सारखीच असते. थोडक्यात हुकलं की चडफड होते, मान आखडते, चहा गार होतो. गेम बनवणाऱ्यांना ही ओढ चांगली ठाऊक असते. म्हणून फरक ओढीत शोधायचा नाही, भोवतालच्या व्यवस्थेत शोधायचा.

याचं उत्तम उदाहरण त्याच कंपनीकडे आहे. ‘रेड डेड ऑनलाइन’ या त्याच जगातल्या ऑनलाइन आवृत्तीतही आव्हानं होती, पण ती रोजची. सलग किती दिवस केलीत त्यावर मिळणाऱ्या सोन्याचा गुणक वाढायचा. सुरुवातीच्या काळात एक दिवस चुकला की साखळी तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तेच सोनं खरे पैसे देऊन विकतही मिळायचं. २०२१ मध्ये कंपनीनं साखळीचा नियम सैल केला आणि जुलै २०२२ मध्ये या ऑनलाइन आवृत्तीत मोठी भर घालणं थांबवत असल्याचं सांगितलं.

एकट्यानं खेळायच्या मूळ गेममधली नव्वद आव्हानं मात्र तशीच उभी आहेत. आज नाही केलीत, परीक्षेनंतर करा. सहा महिन्यांनी करा. यॅरो तिथेच उगवलेलं असतं. ती तुम्हाला बोलवायला येत नाहीत, तुमच्या झोपेच्या वेळी नोटिफिकेशन पाठवत नाहीत. गेमचे पैसे तुम्ही एकदाच दिलेत. त्यामुळे तुम्ही तीसावा डाव खेळलात किंवा उठून झोपलात, कंपनीला त्यानं काही फरक पडत नाही.

मला वाटतं, कसोटी इथेच आहे. कायद्याची नव्हे, आपली रोजची. कुठलंही ‘चॅलेंज’ समोर आलं, मग ते गेममधलं असो, शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचं असो की सलग दिवस मोजणाऱ्या एखाद्या अ‍ॅपचं, तर स्वतःला चार गोष्टी विचारा. मी हरलो तर कुणाचा फायदा होतो? हरल्यावर का हरलो ते मला कळतं का? मी आठवडाभर थांबलो तर काही जातं का? आणि घरच्यांना सांगता येईल का, की मी हे करतोय?

शेवटचा प्रश्न मामेभावाकडून आलाय, माझा नाही. तो म्हणाला होता, “ताई, हरलेले पैसे लपवायला लागलो तेव्हाच कळायला हवं होतं. पण वाटलं, जिंकून परत ठेवू.”

तुमच्या किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या बाबतीत असं काही चाललं असेल, तर एकट्यानं ओढत बसू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते. फोन करायला पैसे लागत नाहीत. आणि घरात एक तरी माणूस असतो, ज्याला सांगितल्यावर आधी तो ओरडतो आणि मग मदत करतो. आमच्याकडे मामी होती.

त्या रात्री शेवटी हातात दोन, पाच, तीन आणि एक्का आले. एक्का अकराचा धरला तर बेरीज बरोबर २१, एकचा धरला तर ११. म्हणजे पुढचं कुठलंही पान आलं तरी बुडायची भीती नव्हती. पाचवं पान ओढलं की तीनदा पान मागून झालं असतं. मी मागे वळून कंट्रोलर त्याच्यापुढे धरला. “घे, तू ओढ. दिवाळी आहे.”

त्यानं पडद्याकडे बघितलं. मग मान हलवली.

“नको ताई. तू ओढ. मी बघतो.”

मी ओढलं. चौकी आली, १५ झाले. डीलरचे १९ निघाले. तीसावा डावही गेला. आम्ही दोघंही हसलो, कॉम्प्युटर बंद केला आणि उरलेल्या चकल्या संपवायला स्वयंपाकघरात गेलो. माझं आठवं आव्हान अजून अपुरं आहे. असू दे. ते कुठे जात नाही.